दोन दिवसांची विक्री, बारा महिन्यांचं काम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

राष्ट्रध्वज हीसुद्धा कुणीतरी तयार केलेली, मोजलेली, गोदामात ठेवलेली आणि पावती फाडून विकलेली वस्तू असते, हे आपल्या सहसा मनात येत नाही. तो आपल्याला दिसतो तो थेट काठीवर. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट हे त्याच्या विक्रीचे दोन हंगाम. ध्वजारोहणाचे दिवस तसे आणखीही आहेत. महाराष्ट्राला १ मे आहे आणि आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना १७ सप्टेंबरही आहे. पण नवा ध्वज घ्यायची गर्दी होते ती पहिल्या दोन दिवसांच्या तोंडावरच.

मग उरलेले दिवस ध्वज करणारी माणसं काय करतात? हा प्रश्न वरवर साधा आहे, पण तो थेट कारखानदारीच्या हिशेबात नेऊन सोडतो. कारखान्याच्या ताळेबंदात मालाचे तीन भाग असतात. पहिला कच्चा माल. शेवटचा पक्का, म्हणजे तयार माल. या दोन्हींच्या मधला जो असतो, ज्याला काम सुरू झालंय पण संपलेलं नाही, त्याला म्हणतात चालू काम. हा मधला माल धड परतही करता येत नाही आणि धड विकताही येत नाही. पैसा अडकतो तो बहुधा इथे.

मी कवितेच्या प्रांतातला माणूस. पण हिशेबाची भाषा मला परकी वाटत नाही. हिशेब, जमा, खर्च, बाकी, माल हे सगळे शब्द अरबीतून निघून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथल्या मातीत असे मुरले, की ते कधी बाहेरचे होते हे वाण्याच्या वहीलाही आठवत नाही. या शब्दांमागे माणसांचे दिवस असतात, म्हणून त्यांच्याकडे वळावंसं वाटलं.

साठ्याचं शास्त्र आमच्या माहूरचे दुकानदार पुस्तक न वाचता जाणतात. रेणुकामातेच्या पायऱ्यांशी नवरात्रात जी गर्दी होते, तिच्यासाठी कुंकू, बांगड्या, खण असा माल आधीच भरून ठेवावा लागतो. त्यातलं उरलेलं कुंकू दत्तजयंतीच्या यात्रेपर्यंत थांबू शकतं. देवीच्या तांबुलाचं तसं नाही. विड्याची पानं कुटली की तो प्रसाद ताजाच खपला पाहिजे. म्हणजे एक माल टिकणारा आणि एक न टिकणारा. दुकानदार दोन्हींचे अंदाज वेगवेगळे बांधतो. ध्वज कुंकवासारखा टिकतो. पण कुंकू घाऊक बाजारातून दोन दिवसांत मागवता येतं, खादीचा ध्वज मागवता येत नाही. तो व्हायला महिने लागतात. टिकाऊपणा आणि नाशवंतपणा यांच्या पलीकडची ही तिसरी अडचण आहे.

आपल्याकडे साठ्याची चिंता जुनीच. १६७३ च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच मन मानेल तशी खर्च केली तर ऐन पावसात घोडी मरतील, आणि मग तुमचे लोक रयतेच्या घरात घुसून धान्य मागू लागतील, असा त्याचा आशय. उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतका बारकावा त्यात आहे. साठा बिघडला की त्याची किंमत शेवटी गरिबाला मोजावी लागते, हे त्या पत्रात स्पष्ट आहे. फरक इतकाच की तो साठा तयार वस्तूचा होता. ध्वजाच्या बाबतीत साठा वाटेवर पसरलेला असतो.

ही वाट आपल्याच दोन जिल्ह्यांतून जाते. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीकडे राष्ट्रध्वज तयार होतो. त्याचं खादीचं कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणलं जातं. रंगाच्या प्रक्रियेसाठी ते अहमदाबादला जातं आणि परत नांदेडला येतं. मग कापणी, शिलाई, अशोकचक्राची छपाई, दोरी आणि लाकडी गुल्ली. आपल्या शेजारच्या कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला १९५७ साली स्थापन झालेला खादी संघ हेच काम करतो, त्याचं कापड बागलकोटच्या बाजूने येतं. तिथेही वाट लांबचीच.

आता या वाटेवरचे थांबे मोजा. कापूस पिंजून त्याचा पेळू होतो. पेळूचं चरख्यावर सूत होतं आणि त्या सुताच्या गुंड्या होतात. हजार मीटरची एक गुंडी. सूत कातणाऱ्या बहुतेक बायका. गुंड्या जमा झाल्या की ताणा लावायचा, खळ देऊन पांजणी करायची, बाण्याच्या कांड्या भरायच्या, मग धोटा फिरायला लागतो. कापड तपासायचं, रंगवायचं, पुन्हा तपासायचं. प्रत्येक थांब्यावर मागचा माल पुढच्याची वाट पाहत पडून असतो. हातमागावर बसलेल्या विणकराला सूत कमी पडलं तर त्याचा दिवस बुडतो, म्हणून थोडं सूत जादा ठेवावं लागतं. शिलाईच्या बाईला कापड कमी पडलं तर तिचा दिवस बुडतो, म्हणून थोडं कापड जादा ठेवावं लागतं. असं प्रत्येक ठिकाणचं थोडं थोडं मिळून पुष्कळ होतं.

किती होतं, याचं एक सोपं सूत्र आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी ते गणिताने सिद्ध केलं. दिवसाला जितका माल बाहेर पडतो, त्याला माल वाटेत किती दिवस राहतो त्या आकड्याने गुणायचं. येईल तेवढा माल कायम वाटेत असतो. समजा, रोज दहा ध्वज तयार होतात आणि सुतापासून ध्वजापर्यंत नव्वद दिवस लागतात. तर कुठल्याही दिवशी पाहा, नऊशे ध्वजांचा माल अर्ध्या वाटेवर असणारच. कुठे गुंडीच्या रूपात, कुठे मागावर, कुठे रंगाच्या हौदात, कुठे मालमोटारीत. आकडे उदाहरणाचे आहेत, पण नियम सगळ्या कारखान्यांना सारखा लागू. वाटेवरचा माल कमी करायचा तर वाट तरी छोटी करा किंवा काम तरी कमी करा. तिसरा उपाय नाही.

आणि या नऊशे ध्वजांची मजुरी? कातणारीने गुंडी आणून दिली की तिला पैसे हवेत. १५ ऑगस्टला ध्वज विकला जाईल तेव्हा देतो, असं तिला सांगता येत नाही. तिच्या चुलीला १५ ऑगस्ट ठाऊक नाही. म्हणजे संस्थेने विक्रीच्या कितीतरी महिने आधी मजुरी द्यायची आणि तोवर कर्जावर व्याज भरायचं. ही अडचण ओळखूनच १९७७ पासून खादी संस्थांसाठी व्याज-सवलतीची योजना आली. संस्थेने बँकेला ४ टक्के व्याज द्यायचं, वरचा भार खादी आयोगाने उचलायचा. वाटेवर थांबलेल्या मालाचं ओझं सरकारने मान्य केलं, असा त्याचा साधा अर्थ.

ध्वजाच्या साठ्याला आणखी एक गाठ आहे, ती इतर कापडाला नसते. राष्ट्रध्वज हे भारतीय मानक संस्थेचं अगदी पहिलं मानक. आयएस १ हा त्याचा क्रमांक. ते १९५१ साली निघालं आणि १९६८ साली सुधारलं गेलं. ध्वजाचे नऊ आकार ठरलेले आहेत. सर्वात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वात लहान १५० बाय १०० मिलिमीटर. किल्ल्यावरच्या मोठ्या काठीला एक आकार, शाळेला दुसरा, टेबलावर ठेवायला तिसरा. यंदा कुठला आकार किती खपेल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. मोठे जास्त शिवून ठेवले आणि मागणी लहानांची आली, तर गोदाम भरलेलं असूनही गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं.

म्हणून शहाणा व्यवस्थापक माल शक्य तितका वेळ थानाच्या रूपात ठेवतो. कापड थानात असेपर्यंत ते कुठल्याही आकाराचं होऊ शकतं. कात्री लागली की आकार ठरला. आणि चक्र छापलं गेलं की ते कापड राहिलंच नाही, ते फक्त ध्वज. कुर्ता उरला तर सवलतीत काढता येतो, चादर उरली तर तिची पिशवी शिवता येते. ध्वजाचं तसं करता येत नाही. त्याचा कमरेखालचा पोशाख किंवा पडदा करण्याला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे चक्राची छपाई ही त्या सगळ्या वाटेवरची परत न फिरण्याची जागा. ती जितकी उशिरा येईल तितकं गोदाम मोकळा श्वास घेतं.

यातली मला सर्वात विचार करायला लावणारी गोष्ट तीन रंगांची आहे. ध्वजाचे तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे. म्हणून केशरी, पांढरं आणि हिरवं कापड गोदामात सारखंच लागतं. केशरी शंभर थान आहे, पांढरं शंभर आहे आणि हिरवं साठच आहे, तर ध्वज साठच थानांचे होणार. उरलेलं चाळीस-चाळीस थान केशरी आणि पांढरं नुसतं पडून राहणार. साठा किती, हे सर्वात कमी असलेला रंग ठरवतो. हिशेबनीस याकडे जुळणीचा नियम म्हणून पाहील. १९३१ साली काँग्रेसने तिरंगा स्वीकारला तेव्हा या रंगांना कुठल्याही जमातीचा अर्थ नाही, असं जाणीवपूर्वक ठरवलं होतं. तो निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. रंगांवरून धर्म उतरवला. गोदामातल्या मोजणीत मात्र एक गोष्ट तशीच राहिली. एकही रंग कमी पडू देऊन चालत नाही.

खादी आणि साठा यांचं भांडण ध्वजाच्याही आधीचं आहे. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. कातणाऱ्यांना सूत कातायला द्यायचं, त्यांना मजुरी द्यायची, कापड भांडारात विकायचं, असं काम सुरू झालं. १९३५ साली गांधीजींच्या आग्रहाने कातणारीची मजुरी वाढवण्याचं धोरण आलं. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण मजुरी वाढली की कापड महागतं, महागलं की विक्री मंदावते आणि मग माल भांडारात साचतो. कातणारीला न्याय द्यावा तर गोदाम भरतं, आणि गोदाम रिकामं करावं तर कातणारीचं काम थांबतं. हा पेच तेव्हापासूनचा.

तुरुंगातून सुटल्यावर १९४४-४५ च्या सुमारास गांधीजींनी यावर वेगळंच उत्तर काढलं. खादी विकण्यासाठी करूच नका, स्वतः वापरण्यासाठी करा, असं त्यांनी चरखा संघाला सांगितलं. खादी घेणाऱ्याने किमतीचा काही भाग सुताच्या रूपात द्यावा, असा नियमही झाला. याला आपण व्रत म्हणतो. पण कारखानदाराच्या चष्म्यातून पाहिलं तर तो साठ्याच्या प्रश्नावरचा सर्वात टोकाचा तोडगा होता. करणारा आणि वापरणारा एकच झाला की गोदामाची गरजच उरत नाही. व्यवहारात तो फार चालला नाही. स्वातंत्र्यानंतर खादी पुन्हा बाजारात आली, गांधीजयंतीची सूट आली, आणि वर्षभर साचलेला माल सुटीच्या दिवसांत काढायची रीत पडली.

मराठवाड्याला या इतिहासाचा एक वेगळा पदर आहे. आपला हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. माहूर तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत तिरंगा फडकला तेव्हा इथे तो फडकवणं हा गुन्हा होता. भारतात विलीन होण्यासाठी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा सुरू होता, स्वामीजींना त्या दिवशी अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. त्या दिवसांच्या आठवणी इथल्या सगळ्या घरांत सारख्या नाहीत. मुक्तीचा आनंद आहे आणि त्या सुमारास सांडलेल्या रक्ताचं दुःखही आहे, रझाकारांनी सांडलेल्या आणि त्यानंतर सांडलेल्याही. पण ज्या मुलखात तिरंगा उंचावल्याबद्दल माणसं तुरुंगात गेली, त्याच मुलखात आज त्याचं कापड विणलं जातं. उदगीरचा माग आणि नांदेडची शिलाई यांच्याकडे मी त्या नजरेनेही पाहतो.

आता जगाचं वारं काय म्हणतं ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये टोयोटा कंपनीत ताइइची ओनो नावाच्या अभियंत्याने कारखान्याकडे पाहायची दृष्टीच बदलली. गरजेपेक्षा जास्त बनवणं आणि साठा करून ठेवणं ही नासाडी आहे, असं त्यांनी मांडलं. पुढच्या माणसाने मागितल्याशिवाय मागच्याने काही बनवायचं नाही. मागणी कळवायला एक साधं कार्ड, त्याचं नाव कानबान. ही पद्धत मोटारी बनवणाऱ्या साऱ्या जगाने उचलली. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला १९८५ साली दुचाकींचा कारखाना आला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणारे लहान कारखाने वाढत गेले. भाग जवळच बनले की वाट छोटी होते, वाट छोटी झाली की वाटेवरचा माल कमी होतो. लिटल यांचं सूत्र इथे प्रत्यक्षात दिसतं.

मग खादीने हेच का करू नये? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यातला अर्धा भाग खादीने ऐकायलाच हवा. कापड एका राज्यातून दुसऱ्यात जाऊन परत येणार असेल तर तेवढी वाट लांबणारच. तपासणीत उशिरा सापडलेला दोष हा लवकर सापडलेल्या दोषापेक्षा महाग. खळीच्या कापडाला कसर लागते, पावसाळ्यात दमट हवेने बुरशी येते, आणि ध्वजाचा साठा सर्वात जास्त असतो तो नेमका पावसाळ्यात. जुना माल आधी बाहेर काढायचा, ही साधी शिस्तही पैसा वाचवते.

पण उरलेला अर्धा भाग वेगळा आहे. मोटारीच्या कारखान्यात मागणी रोज येते, म्हणून मागणीप्रमाणे काम करता येतं. ध्वजाची मागणी दोनदाच येते. तिच्या तालावर काम करायचं ठरवलं तर कातणाऱ्या बायकांना वर्षातले दोन-तीन महिने रात्रंदिवस काम आणि बाकीचे महिने उपास. म्हणून इथे साठा ही नुसती नासाडी नाही. गोदामात घडी घालून ठेवलेला प्रत्येक ध्वज म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये कुणाला तरी मिळालेली मजुरी आहे. साठा हा मागणी आणि पोट यांच्यामधला बांध आहे. तो फोडायचा की उंच करायचा, हा नुसता हिशेबाचा प्रश्न राहत नाही.

या बांधाची परीक्षा अलीकडे झाली. २००२ च्या ध्वजसंहितेनुसार ध्वज हातकताई-हातविणीच्या खादीचाच असायचा. ३० डिसेंबर २०२१ ला तिच्यात दुरुस्ती झाली. यंत्रावर बनलेला आणि पॉलिस्टरचाही ध्वज चालेल, असं ठरलं. लगेच २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ‘हर घर तिरंगा’ ही मोहीम आली. घराघरावर ध्वज लागला, ही गोष्ट आनंदाचीच. पण एवढ्या घरांचे ध्वज काही आठवड्यांत हातमागावर होणं शक्यच नव्हतं. ज्या मालाला महिने लागतात त्याची मागणी आठवड्यांत वाढली, तर ती मागणी यंत्राकडेच जाणार. त्यात यंत्राचा दोष नाही आणि मागाचाही नाही. दोघांच्या वाटेची लांबी वेगळी, एवढंच.

तेव्हा खादीला वाचवायचं असेल तर नुसतं गौरवाचं बोलून भागणार नाही. आपल्याकडे शाळा आहेत, ग्रामपंचायती आहेत, नगरपालिका आहेत, सहकारी संस्था आहेत. यांना दरवर्षी ध्वज लागणार हे आधीच माहीत असतं. तरी मागणी जाते जुलैच्या शेवटी. हीच मागणी जानेवारीत नोंदवली, आकार आणि संख्या कळवली आणि थोडी रक्कम आगाऊ दिली, तर खूप काही बदलतं. संस्थेला कुठला आकार किती कापायचा ते कळतं. कर्ज कमी काढावं लागतं. तिन्ही रंगांचं कापड मोजून रंगवता येतं. आणि उदगीरच्या मागाला उन्हाळ्यातही काम राहतं. टोयोटाचं ते कार्ड आपल्यालाही वापरता येईल, फक्त ते सहा महिने आधी पाठवावं लागेल.

येत्या प्रजासत्ताकदिनी झेंडावंदन झाल्यावर मुख्याध्यापकांनी किंवा सरपंचांनी पाच मिनिटं काढावीत. काठीवरचा ध्वज किती विरला आहे ते पाहावं आणि ऑगस्टसाठी नवा लागणार असेल तर त्याच आठवड्यात पत्र टाकावं. पत्रात आकार लिहायला विसरू नये.